गोड्या पाण्यात सोडलेला हात

९ जुलै, हंगेरी
कुवेतहून फहाद सरांच्या कुटुंबासोबत या तळ्याकाठच्या घरात येऊन आठवडा झाला. बाबांची, म्हणजे सरांच्या वडलांची, शुगर, बीपी ठीक. अर्धांगानं उजवी बाजू जड, वाचा गेली ती गेलीच. पण इथं हसतात तरी. घर सांभाळणारी म्हातारी त्यांना झाडाचे जरदाळू सोलून भरवते. एर्झी. नाव मीच विचारून घेतलं, बाकी सगळे नुसतं 'ती बाई' म्हणतात. दोघांचं मस्त गूळपीठ. नर्स मी, पण मला कोण विचारतो!
मागच्या फाटकातून थेट पाण्यात उतरता येतं. फहाद सरांची ताकीद: वडलांना तळ्यात न्यायचं नाही म्हणजे नाही. एर्झी फाटकाची कडी लावते नि ओढून बघते.

१३ जुलै
 घडलं तसं लिहितो.
सगळे गावात गेलेले. बाबा फाटकाकडे बोट दाखवून हट्टाला पेटले. म्हटलं, नेऊ जरासं. कडी मीच काढली. कुवेतला समुद्रावरच्या बंगल्यात कितीदा उताणं तरंगवलंय त्यांना. पाठीखाली हात, श्वास भरला की हात काढायचा. तिथलं पाणी इतकं खारं की माणूस आपोआप वर राहतो. इथंही तसाच हात काढला. गोडं पाणी! बाबा खाली गेले. कमरेइतक्या पाण्यात. गावच्या खाडीत वाढलेला मी, मला हे कुणी शिकवायला हवं होतं?
ओढून काढलं. खोकत होते आणि माझ्याकडे बघत होते.
सर आले ते ओरडतच. "फाटक कुणी उघडलं? ती बाई कडी लावायला विसरली म्हणून बाबा एकटेच पाण्यात उतरले ना?"
माझी मान हलली. हो म्हणून.
मग सरांनी मला मिठी मारली. "माझ्या बापाला वाचवलंस तू."

१४ जुलै
एर्झीला काढलं. कडीकडे हात करून काहीतरी परत परत सांगत होती. कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं. जाताना जरदाळूंची पिशवी माझ्या हातात दिली, बाबांसाठी. मी घेतली. थू माझ्या जिंदगानीवर.
बाबा जेवले नाहीत.

३ ऑगस्ट, कुवेत
सरांनी घड्याळ दिलं. भारीतलं. सुषमाला फोनवर सांगितलं, म्हाताऱ्याला वाचवलं म्हणून. बायको खूश, आता गावभर करेल. मग म्हणते, "पण तुमचो आवाज असो कित्याक येता?"
म्हटलं, एसीमुळे. घड्याळ बॅगेच्या तळाशी टाकलंय.

१९ ऑगस्ट
बाबांना जाब्रियाच्या क्लिनिकला नेलं. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. "अहो, सुधारणा आहे! घरी दोन्ही वेळा सराव घेताय ना?"
"हो मॅडम."
साफ खोटं. हंगेरीहून आल्यापासून एकदाही घेतला नाही. बाबा तोंड उघडून बसतात नि मी टीव्ही लावतो. बाबा बोलले तर नोकरी जाईल, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द, पोरीचं कॉलेज... सगळं खरं. पण पेशंटला वाचा फुटू नये असं वाटणारा मी कसला नर्स? शी.

२७ ऑगस्ट
राहवेना. आज सराव घेतला. आ. ऊ. मा. बाबांनी डाव्या हातानं माझा कान पिळला, चांगला जोरात. हसले नाहीत. मी आपला 'ऊ' म्हणत राहिलो.

११ सप्टेंबर
आज दुपारी सगळे जेवायला जमलेले. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "एर्झी." एकदम स्वच्छ. मग, "वेन?" म्हणजे, कुठाय?
सुनांना रडू फुटलं, पोरं टाळ्या पिटायला लागली. सर बापाचे हात धरून विचारतायत, "एर्झी कोण, बाबा? संतोष, काय म्हणतायत हे? कोण एर्झी?"
बाबा माझ्याकडे बघत होते. तसेच, तळ्यातल्यासारखे.
मी म्हटलं, "सर, सांगतो." तेवढ्यात पाहुणे आले. सर उठता उठता म्हणाले, "चहाच्या वेळी सांग, विसरू नकोस."
घड्याळ बॅगेतून काढून टेबलावर ठेवलंय. खाली चहाची भांडी वाजतायत. पलीकडच्या खोलीत बाबांचा सराव चालू आहे, आज मी न सांगता. तेच एक नाव.