पिवळ्या कड्याची हंसी

दि. १४, शनिवार

चि. छकुलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

माझा खोकला बरा आहे. नळ अजून गळतोच. तुझ्या प्रयोगाच्या बाराही हंसी खुशाल. उजाडल्यापासून नुसता कलकलाट. सहाजणींना पोटात मावेल त्याहून जास्त मका, सहाजणींना मापानं दाणा. तू सांगून गेलीस तसंच चाललंय.

तसंच, म्हणजे जवळजवळ.

आमच्या शाळेतल्या कवितांमधला राजहंस दुधातलं पाणी वेगळं करायचा. तू मात्र मला काचेची नळी उजेडात धरून दाखवलीस. जादा खाणारीच्या रक्तावर आलेला थर, अगदी दुधासारखा. "चरबी आहे बाबा ती. यकृतही तिनंच फुगतं. सांगा तुमच्या कवींना!" किती हसलो होतो आपण.

मंगळवारी फोनवर तू त्याहून जास्त हसत होतीस. "बाबा, पायात पिवळं कडं आहे ना, तिचं रक्तही पांढरं निघालं! मोजकं खाऊनसुद्धा! असं आजवर कुणालाच सापडलेलं नाही. सोमवारी सगळ्या मोठ्या लोकांपुढे मांडते." आई गेल्यापासून तुझा असा आवाज ऐकला नव्हता. मी आपलं "वा!" म्हटलं.

बाळ, तिला मीच जादा खायला घालत होतो. दुपारचा दाणा तू माझ्यावर सोपवलास तेव्हापासून, रोज दोन वाट्या मका, जाळीतून, हातानं. शेजारच्या जादा खाणारीला भरवताना ती मान वाकडी करून बघायची. लहानपणी तू जेवायला रडायचीस, मी कविता म्हणायचो आणि तू आ करायचीस. एकदा सहज एक ओळ म्हटली, तर तिनंही चोच उघडली. मग मला राहवेना.

फोनवर दोनदा सांगायला गेलो, जीभ रेटेना. म्हणून हे पत्र तुझ्या नळ्या घेऊन निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतो. उद्या मिळेल. सोमवारी ते मांडू नकोस गं. तुझी दोन वर्षांची मेहनत मी दोन वाट्यांत बुडवली.

जादा खाणं थांबवलं की यकृत पूर्ववत होतं, असं तूच म्हणाली होतीस. बुधवारी ठरवलं, आता पुरे. ती जाळीशी आली. मी अर्धी ओळसुद्धा म्हटली नाही. तरी चोच मिटेना. काल पुन्हा वाटी भरली.

लवकर ये आणि मक्याच्या कोठीची किल्ली माझ्याकडून काढून घे. माझ्याच्यानं होत नाही.

रागावलीस तरी जेवून घे.

तुझा
बाबा