प्रेत पुन्हा हसलं

चिखला, गुरुवार

प्रिय इश्वर,

माझा जय भीम अन् तुझा राम राम, दोन्ही मीच लिहून टाकतो. तुझे गुडघे कसे आहेत? लाखनीचा हायवे ओलांडताना आता तरी दोन्हीकडे पाहत जा. माझी तब्येत उत्तम आहे (म्हणजे चेहऱ्यावरून).

दोन वर्षांआधी माझ्या आतड्यातला कॅन्सर काढला, ते तुले माहीतच आहे. आता रक्ततपासणीत एक आकडा वाढला अन् सीटी स्कॅनमध्ये आतडं शिवलेल्या जुन्या जोडाजवळ डाग दिसला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कापून टाका, मोकळे होऊ." ते म्हणाले, "काका, आधी डाग कशाचा आहे ते पाहू. दुसरीकडे पसरलं असेल तर नुसतं कापून फायदा नाही."

मग दुर्बीण घालून तपासणीले तुकडा घेतला (त्याच्या आदल्या दिवशी प्यालेल्या औषधाच्या पाण्याबद्दल अन् नंतरच्या धावपळीबद्दल लिहीत नाही, पत्र वहिनी वाचतील). मग रोग अंगात कुठं कुठं आहे ते पाहाले नागपूरले पेट स्कॅन. सुई देऊन तिथली मुलगी म्हणाली, "तासभर पडून राहा. बोलायचं नाही, हलायचं नाही."

मले एकदम सिहोऱ्याची मंडई आठवली, दिवाळीनंतरची ती जत्रा. आपलं नाटक! मी प्रेत, तू माझी विधवा. पायाले मुंगळा चावला, मी पाय झटकला, अन् तू रडता रडता चिमटा काढून म्हणालास, "मर ना बे नीट!" मले पडल्या पडल्या हसू फुटलं अन् समोरच्या बाया हसून लोळल्या. (त्यात सुमन होती. प्रेत पाहून नवरा पसंत करणारी ती एकटीच असेल.) काय दिवस होते गा! पडल्या पडल्या असा हसलो, का पलंग हलला. मुलगी धावत आली, "काका, दुखून राहिलं का?" बोलायची मनाई, सांगू कसा?

वरून सुईतल्या औषधाचे किरण अंगातून निघतात म्हणून त्या दिवशी गरोदर बाईजवळ जायचं नव्हतं. सूनबाई प्रतिक्षाले सातवा महिना. म्हणून घरी येऊन अंगणातच बसलो. ती दारातून ओरडे, "बाबा, भाजी वाढू का?" साऱ्या कॉलनीले आमच्या घरचा स्वयंपाक समजला.

काल रिपोर्ट आले. तुकड्यात तोच रोग निघाला. पण एकाच जागी आहे, बाकी अंग साफ. म्हणून ऑपरेशन होऊ शकते. मंगळवारी, नागपूरले. सुमननं ऐकलं अन् चहात दोनदा साखर टाकली. मी अख्खा कप संपवला.

काळजीचं कारण नाही. तू उगाच धावपळ करू नको.

तुझा,
आनंदराव

ता. क. : धावपळ कर. आपण खाणीत कामाले होतो तेव्हा लाईट गेली का तू अंधारात ओरडायचास, "आनंद्या, हायेस का?" मी "हाव" म्हणेपर्यंत थांबायचा नाहीस. मंगळवारी मी शुद्धीवर यायच्या वेळी तसाच ओरड. नर्स रागावली तरी थांबू नको.