गुडघ्याला लागणारा दुसरा गिअर

अहो,

पत्राची सुरुवात कशी करावी, यावरच सकाळपासून अडून बसले आहे. 'प्रिय' लिहिलं तर तुम्हाला हसू येईल, कारण तो शब्द आपण एकमेकांसाठी कधी वापरलाच नाही. नाव लिहायला हात धजत नाही. तेव्हा 'अहो'च बरं. त्या हाकेला निदान तुम्ही वळून तरी बघायचात.

ब्लाउजचं कटिंग काढायच्या खाकी कागदावर लिहिते आहे. दुसरा कागद शोधायला उठले असते तर पुन्हा बसले नसते. काल मी लोधिवलीहून कर्जतला गेले. गाडीने. आपल्या गाडीने! आणि चालवत कोण होतं, सांगा बघू? दचकू नका. मीच होते.

तुम्ही गेल्यापासून गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मिलिंद पुण्याहून फोनवर एकच सांगायचा, "मम्मी, भंगारात दे ती. जागा तरी मोकळी होईल." मी हो-हो करायचे. कर्जतला शिवणाचा क्लास घ्यायला टमटमने जात होते. मांडीवर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, पायाशी फॉलच्या साड्यांची पिशवी, आणि चौक गावच्या फाट्यावर टमटम भरेपर्यंत उन्हात ताटकळणं. एकदा गिऱ्हाइकाचा परकर-पोलका रस्त्यात पडला तो पडलाच. दमले हो मी. क्लास बंद करायचं मनाशी जवळजवळ ठरलं होतं, फक्त मुलींना सांगायचं बाकी होतं.

एक गंमत सांगते. टमटमवाल्याने गिअर बदलला की माझा उजवा गुडघा आपोआप आत सरकायचा. मी मागे बसलेली, दांडा पुढे त्याच्या हातात, माझ्या गुडघ्याशी त्याचा संबंध काय? शेजारची बाई एकदा म्हणाली, "मुंग्या आल्या काय वयनी?" तिला काय सांगणार!

तुम्ही आणि तुमचा तो दुसरा गिअर! दांडा इतका ढिला की पार माझ्या सीटपर्यंत ढकलल्याशिवाय दुसरा पडायचाच नाही. पडायच्या आधी तुमची बोटं माझ्या गुडघ्याला लागायची. म्हणून प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर तुमचं ठरलेलं, "गुडघा घे गं." मी कधी कुरकुर करत आत घ्यायचे, कधी मुद्दाम घ्यायचे नाही. मग तुम्ही म्हणायचात, "मास्तरीण, घे की! नायतर इथंच मुक्काम करावा लागंल." इतकी वर्षं मी शेजारी बसले ती अशी गुडघा सांभाळत.

तर दिवाळीनंतर खोपोलीहून एक माणूस गाडी बघायला आला. आत बसला, चालू केली, पहिला टाकला. दुसरा टाकायला दांडा मागे ओढला तर पडला चौथा. गाडीने दोन आचके दिले आणि आपल्या शेवग्याला जाऊन टेकली. तो खाली उतरला, गाडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकी, ही गाडी नाय, कोडं हाय कोडं." गेला तो परत आलाच नाही. गाडी विकली गेली नाही, तरी मला आतून बरं वाटलं. तुम्ही नेहमी सांगायचात ना सगळ्यांना, ही माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाय म्हणून? तुमचा शब्द तिने तुमच्यामागेही राखला, असं वाटलं.

पण विकायची तर होतीच. म्हणून चौकच्या बाळाला बोलावलं. तुमचा लाडका मेकॅनिक, हायवेवरच्या गॅरेजमधला. तो आला, दांड्याखालचं रबरी कव्हर उचकटलं, आणि मी वाकून बघितलं. दांडा हलवला की खाली डुगडुगत होता. ते बघताच मी म्हटलं, "अरे, बुश झिजलाय हा!" बाळा माझ्याकडे बघतच राहिला. त्यात बघण्यासारखं काय होतं? शिलाई मशीनचा बुश, म्हणजे दांडा घट्ट धरणारं कडं, झिजला की चाक असंच डुगडुगतं आणि टाके सुटतात. क्लासमधल्या जुन्या मशिनींची ही तक्रार मी आयुष्यभर निस्तरत आले. तुम्ही मला एकदा, एकदाच, त्या दांड्याला शांतपणे हात लावू दिला असतात तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

बाळाने जुना बुश काढला. काढला कसला, तुकडेच बाहेर आले. कधीकाळी पांढरं असलेलं प्लास्टिकचं कडं, तपकिरी पडलेलं, एका बाजूने पार कागदासारखं पातळ झालेलं. मग तो म्हणाला, "वयनी, उकळतं पानी द्या जरा." मला वाटलं, चहा टाकायला सांगतोय. मी साखरसुद्धा काढली! तर त्याने नवा बुश त्या पाण्यात सोडला, मऊ पडावा म्हणून. पण जागा अडचणीची आणि त्याची बोटं जाडजूड. बुश सारखा निसटायचा, तो सारखा पाण्यात टाकायचा. शेवटी मी म्हटलं, "सरक तिकडे." मशीनच्या बॉबिन केसमध्ये शिरायची सवय या बोटांना. कडं दोन बोटांत धरलं, नीट बसवलं आणि अंगठ्याने दाबलं. टक् आवाज झाला. ऐकायला हवा होतात तुम्ही.

बाळाने ग्रीस लावलं, कव्हर बसवलं आणि म्हणाला, "बसून बघा." गाडी बंदच होती. मी क्लच दाबला आणि दांडा धरला. पहिला. दुसरा. तिसरा. पुन्हा दुसरा. दोन बोटांनी पडत होता हो! ना जोर, ना हिसका, ना कुणाचा गुडघा.

मी रडायला लागले. बाळाला वाटलं, तुमची आठवण आली. आली होतीच, पण मला मैदान आठवलं होतं.

तुम्हाला आठवतं? कंपनी सोडून तुम्ही घरी बसलात आणि मला कर्जतला सोडायला लागलात, तेव्हा मीच म्हटलं होतं, मलाही शिकवा. शाळेच्या मैदानावर घेऊन गेलात. दुसरा टाकायला जावं तर चौथा, पुन्हा चौथा, पुन्हा गचका. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. मी घामाने चिंब झाले. तुम्ही हसला नाहीत, ओरडलाही नाहीत. हळूच म्हणालात, "राहू दे गं. तुजा हात शिलाईचा हाय, गिअरचा नाय." मी ते खरं मानलं! माहेरी, क्लासमध्ये, कुणी विचारलं की सांगत राहिले, मला नाही जमत, माझ्या हाताला गिअर नाही. बिघाड त्या कड्यात होता, माझ्या हातात नव्हता.

मी बाळाला म्हटलं, "एवढंसं होतं रे! त्यांना कळलं असतं तर लगेच टाकला असता."

बाळा हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग म्हणाला, "वयनी, रागावू नका. दादांना माईत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"तुमी मैदानावर शिकायला गेलता ना, दुसऱ्याच दिवशी दादा गाडी घेऊन आले माज्याकडं. बोलले, बायकोला दुसरा सापडत नाय, बघ काय हाय ते. मी बोललो, बुश गेलाय. तर बोलले, टाक नवा. मी दांडा खोलला पन होता. दादा समोर चा प्यायला गेले. परत आले ते तोंड उतरवूनच. बोलले, राहू दे बाळा, तसाच लाव. ती एकटी जायला लागली, तर सकाळी उठून मी कुठं जाऊ रं?"

बाळा गेल्यावर मी तुमच्या फोटोसमोर उभी राहिले आणि भांडले. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल, जाऊ दे. त्यानंतर कितीतरी दिवस फोटोला हार घातला नाही. धूळ बसली तरी पुसला नाही. राग आला होता हो मला. अजूनही आहे थोडा. माझ्या हाताला खोटं पाडलंत तुम्ही! आणि तेही इतक्या प्रेमाने, की मला कधी संशयही आला नाही.

पण राग धरून तरी किती बसणार? टमटममध्ये बसले की एकेक आठवायला लागलं. मी दिवसभर क्लास घ्यायचे आणि तुम्ही बाहेर. मला किती अपराधी वाटायचं! "माझ्यापायी तुमचा दिवस फुकट जातो," असं म्हणायचे, तर तुम्ही सुस्कारा टाकायचात, "काय करनार, डायवरच झालो मास्तरणीचा." किती छान नाटक केलंत! आणि मी पामर रोज संध्याकाळी त्या उपकाराची फेड म्हणून तुमच्या आवडीची सुकट करायचे.

दिवस फुकट जात नव्हताच तुमचा. मुलींच्या ब्लाउजपीसची कात्रणं खिशात घालून तुम्ही बाजारात जायचात आणि रिळं आणायचात. आधी काय एकेक रंग आणायचात! नंतर अशी पक्की नजर बसली की मोरपंखीतला फरकही तुम्हाला कळायचा. मुली मला सोडून तुम्हालाच विचारायच्या, "काका, याला कुठलं बटण?" कंपनीच्या गेटमधून शेवटचं बाहेर पडलात त्यानंतर तुमचं तोंड कसं झालं होतं, आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसल्यावर कसं असायचं, हे मी रोज बघत होते. बघत होते, पण मला कळलं नाही की तुम्हाला सकाळची भीती वाटते.

मग सांगायचं नाही का? मला विचारायचं तरी! मी गाडी शिकले असते तरी तुम्हाला घरी ठेवून गेले असते, असं वाटलंच कसं? डाव्या सीटवर बसवलं असतं, मांडीवर बटणांचा डबा देऊन. रिळं कुणी आणली असती? माझा संसार तुमच्याशी होता, ड्रायव्हरशी नव्हता. एवढ्या वर्षांत एवढं कळू नये माणसाला?

आता एक विचारते. इथे दुसरं कुणी वाचायला नाही. चौक सोडलं की पुढे सरळ रस्ता लागतो. ना वळण, ना गतिरोधक. तिथे दुसऱ्या गिअरचं काहीच काम नसायचं, हे मला आता शिकल्यावर कळलं. मग तिथेही "गुडघा घे गं" कशाला म्हणायचात हो तुम्ही? रस्त्यात चारचौघांत माझा हात कधी धरला नाहीत. लग्नातसुद्धा फोटोवाल्याने सांगितलं म्हणून धरला होतात. आता विचार करते आणि स्वतःशीच लाजते, या वयात!

परवा तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली, खीर वाटली. फोटो पुसला, हार घातला. मिलिंद म्हणाला, "मम्मी, गाडीचं काय ठरलं?" मी पर्समधून लायसन काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याला न सांगता कर्जतला मोटार ट्रेनिंगला जात होते ना! शिकवणारी मुलगी त्याच्याहून लहान. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, तुमचा हात किती हलका आहे." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मिलिंद लायसन उलटंसुलटं करून बघत होता, आणि हसत होता अगदी तुमच्यासारखा.

आणि काल निघाले. गाठोडी मागच्या सीटवर, बटणांचा डबा डाव्या सीटवर. बाळाने काढलेले त्या बुशाचे तुकडे मी त्याच डब्यात ठेवलेत. भंगार म्हणून टाकायला मन झालं नाही. चौकच्या फाट्याला कर्जतकडे वळायचं होतं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. क्लच दाबला, दुसरा टाकला, आणि माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "गुडघा घ्या हो!"

शेजारी डबा होता. गिअर लोण्यासारखा पडला. वळले मी.

क्लास बंद होणार नाही, हा माझा शब्द. गाडीही भंगारात जाणार नाही. क्लासमधल्या ज्या मुलीला शिकायचं असेल तिला शाळेच्या त्याच मैदानावर शिकवीन, आणि कुणाच्याही हाताला तो गिअरचा नाही, असं म्हणू देणार नाही. तुमचंही हे ऐकून घेणार नाही, सांगून ठेवते. आणि त्या सरळ रस्त्यावर, काही काम नसताना, रोज एकदा दुसरा टाकीन. आता दांडा सीटपर्यंत पोचत नाही. तरी तुम्ही गुडघा घेऊ नका.

तुमचीच,
मास्तरीण