ब्रेकची पिन

सांताक्रूझ, मुंबई
१८ जुलै १९७४

तीर्थरूप आबा,

पायांवर डोकं ठेवतो, पण या वेळी तुमचं ऐकणार नाही.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

"सायबाची माफी माग आन् मोकळा हो," असं तुम्ही सोपानकडून लिहवून घेतलंत. पण झालं काय ते ऐका. आमचं ७३७ विमान जवळच्या शहरांना जातं, दिवसात सात-आठ वेळा उतरतं, त्यामुळे ब्रेक लवकर झिजतात. किती उरलेत ते चाकाजवळची एक बारकी पिन दाखवते. ती काठाशी सपाट झाली होती, म्हणजे ब्रेक संपला होता. साहेब म्हणाले, "जोतीराम, एक फेरी निघेल, सही कर." आत शंभरावर माणसं बसणार होती. मी केली नाही.

हट्टानं तर नाही ना केलं, असं रोजनिशीत स्वतःला विचारलं. पिन तीनदा तपासली होती. हट्ट नव्हता.

नोकरी कदाचित जाईल. मग रहिमतपुरात पाण्याचे पंप दुरुस्त करीन. लीलाला आणि पोरांना एवढ्यात सांगू नका.

साहेबांनी माफीनामा टाईप करून दिलाय, उद्या त्यावर सही हवी आहे. कागद उलटा करून बघा, आबा. हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलंय.

तुमचा,
जोतीराम