पाठीला पाठ

बाई, आज जमिनीवरून उठताना गुडघे कुरकुरले आणि तुमची इतकी आठवण झाली की पाठवायचं कुठं हे ठाऊक नसूनही लिहायला बसले.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. शाळेत ड्रिल शिकवायच्या नोकरीतून तुम्ही निवृत्त झाला होतात आणि शाळा सुटल्यावर तिथल्याच पटांगणात आम्हा गल्लीतल्या बायकांचा व्यायाम घ्यायचात. पहिल्या दिवशी मी भिंतीला चिकटून उभी. दोन बाळंतपणांनी सुटलेलं अंग, पदर गच्च आवळलेला. "लाजतीस कशाला? हितं काय तुला बघाय पावणं येणार हायत?" तुम्ही ओरडलात. सगळ्यांच्या जोड्या लागल्या, मी एकटी उरले, तर तुम्हीच येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसलात. कोपरात कोपर अडकवून दोघींनी एकदम उठायचं. एकीनं अंग चोरलं की दोघी धपकन खाली. किती वेळा पडलो आपण! तुमचा नियम एकच होता. जोडीदारीण आली नाही, तर तिच्या दारात जाऊन हाक मारायची.

"म्हशीगत सुटलीया, आता उड्या मारून काय हुणार?" असं सासूबाई म्हणाल्या आणि मी यायची बंद झाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात. मी भाकरी थापतेय, मान खाली. सासूबाईच पुढं होतात, "ती न्हाय यायची आता, बाई."

"मग मी कुणाच्या पाठीला पाठ लावू? तुमी येतासा का?"

"आलो, बाई," म्हणत मी पिठाचे हात पदरालाच पुसले. त्या दिवशी आपण पहिल्यांदा न पडता उठलो. मला रडू फुटलं होतं, तुमच्याकडं पाठ होती म्हणून बरं. तसा आधार मला पुन्हा कुणाचा वाटला नाही, बाई. घरच्यांचाही नाही.

मग दोन वर्षांनी एका सोमवारी तुम्ही आला नाहीत. मंगळवारीही नाही. बायका म्हणाल्या, जोतिबाला गेल्या असतील. गुरुवारी तुम्ही गेल्याची बातमीच आली. दोन गल्ल्यांपलीकडं, घरात एकट्याच तापानं पडून होतात. हाक मारायला यायचं काम माझं होतं, तुमची जोडीदारीण मीच होते. आले नाही. खरं सांगू? ते तीन दिवस मला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला होता.