हार्पला शेळ्या घाबरतात

प्रिय मार्नीताई,

तुला सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण हल्ली तुमच्या घरात त्याचंच जास्त चालतं असं ऐकतो. शेळ्या बऱ्या आहेत ना? व्हरमाँटात बर्फ सुरू झाला का? इकडे आम्ही तिघंही खुशाल. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्याकडे येताना क्रॅनबेरीची चटणी आणू की रताळी, एवढंच विचारायला पत्र लिहायला बसलो.

बाकी आमच्या हेटीच्या कॉलेजचं चाललंय. तुझ्या वेळी मार्क आणि मास्तरांची शिफारस पुरायची. आता मार्क सगळ्यांनाच पडतात, म्हणून शाळा सुटल्यावर पोरगी काय करते ते विचारतात. हेटी व्हायोलिन वाजवायची, फुटबॉल खेळायची, वाचनालयात पुस्तकं लावून द्यायची. मला वाटलं, रग्गड झालं. पण दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावजयीने, जोअनने, प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एक बाई शोधून काढल्या, मिसेस प्रेंटिस. त्या म्हणाल्या, "पूर्वी कॉलेजांना चौफेर मुलं आवडायची. आता टोकदार लागतात, एकाच गोष्टीत पुढे गेलेली. हिला टोकच नाही!" (पंधरा वर्षं आम्ही घरातल्या टेबलांचे कोपरे गुंडाळून ठेवले, ते याचसाठी!) मग बाईंनीच उपाय सांगितला: व्हायोलिनवाले पोत्याने मिळतात, हार्पवालं कुणी नसतं, तेव्हा हार्प.

ताई, चित्रातले देवदूत वाजवतात ती माणसाएवढी उंच, तारांची हार्प तू कधी उचलली आहेस का? आमच्या गाडीत तिचा नुसता खांदा मावला. शेवटी ती गाडी देऊन मी एका गालिचे धुणाऱ्याची जुनी व्हॅन घेतली. तिच्यावर "कुत्र्याने घाण केली? आम्हाला बोलवा!" असं अजून ठळक लिहिलेलं आहे, त्यामुळे जोअन तिच्यात बसत नाही. शिकवणाऱ्या मिसेस हॅस्केल राहायच्या ग्लॉस्टरला, समुद्राकाठी. म्हणजे दर गुरुवारी जायला तास, यायला तास. मागे हार्प आडवी, पुढे मी आणि हेटी. खड्डा आला की मागून असा झणत्कार व्हायचा की वाटावं, एखादा देवदूत जिन्यावरून पडला.

तुला आठवत असेल, त्या वर्षी ही पोरगी माझ्याशी "हं" आणि "उंहूं" यापलीकडे बोलत नव्हती. व्हॅनचा रेडिओ बंद. एका गुरुवारी मोठा खड्डा लागला, देवदूत पडला, आणि हेटी फिसकन हसली. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. मैत्रिणीशी झालेलं भांडण, मेल्यावर माणसाचं काय होतं, मी तिच्या आईला लग्नाचं कसं विचारलं (वाईट विचारलं होतं). परतताना बंदरावर गाडी लावून आम्ही शिंपल्यांचं सूप प्यायचो. मला ते आवडत नसे. आता आवडतं.

हार्प मात्र तिला काही वश झाली नाही. शाळेच्या हिवाळी कार्यक्रमात सगळी वाद्यं थांबली तेव्हा ही सुरू झाली. लोकांना वाटलं, तसंच असेल, टाळ्या पडल्या. यंदा ऑक्टोबरात अर्ज भरताना प्रेंटिसबाईंनी विचारलं, तुला मनापासून आवडणारं काम कोणतं? हेटी म्हणाली, "गुरुवारी डॅडबरोबर गाडीतून जाणं."

"पण यात नेतृत्व कुठे दिसतं?"

"गाडी ते चालवतात, पण रस्ता मी सांगते ना!"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, हार्पच लिहू या. मला रडू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं.

तर अर्ज कॅलिफोर्नियाला गेला. डिसेंबरात निकाल. शंभरातली चार पोरं घेतात म्हणे. तिथलं नाव निघालं तरी हिचा चेहरा उजळतो, त्यामुळे मी रोज देवाला सांगतो, हिला तिथे घेऊ दे. आणि मग हळूच सांगतो, एवढी काही घाई नाही. दोन्ही मनापासून सांगतो, ताई. त्याने पहिलंच ऐकावं.

तुझा धाकटा,
वॉली

ता. क. रताळीच आणतो.

आणखी एक ता. क. जोअन तुला फोन करेल की हार्पही घेऊन येतो, हेटी जेवणानंतर सगळ्यांना वाजवून दाखवेल. तू कृपा करून नाही म्हण. शेळ्या घाबरतात म्हण, दूध आटतं म्हण. त्याचं असं झालं, की मिसेस हॅस्केल ऑगस्टातच मुलाकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. घरी सांगायचं आमच्याकडून राहिलं. पहिल्या गुरुवारी मी सवयीने हार्प चढवली, गल्लीच्या तोंडाशी आठवण झाली म्हणून गाडी वळवायला लागलो, तर हेटी समोर बघत म्हणाली, "डॅड, सरळ." तेव्हापासून आम्ही सरळच जातो, सूप पितो आणि हार्प परत आणून उतरवतो.

शेवटचा ता. क. पुढच्या सप्टेंबरपासून, हेटीचं कॉलेज सुरू झालं की, गुरुवारी तुला काही काम असतं का? तुझ्याकडे यायला दोन तास लागतात. रस्ता मला पाठ आहे. तरी निघताना फोन करेन, तेव्हा तू सांग.