उपकरण सापडले नाही

प्रिय बोकोबा,

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. उलट आज इतकं हलकं वाटतंय, की तुझ्यावर रागवायचंही सुचत नाहीये.

आईची श्रवणयंत्रं तुला आठवत असतील, माझ्याच दवाखान्यात बसवून दिलेली. मध्यंतरी ती बिघडली म्हणून कंपनीकडे पाठवली, तर परत आली ती कोरी. तिच्या कानांप्रमाणे केलेली सगळी जुळणी पुसलेली. पार्सल तिनेच परस्पर घेतलं, मुकाट्याने यंत्रं कानात घातली आणि मला म्हणाली, "झकास चालतात गं." समोर बसलेल्याचे ओठ वाचून तिने वेळ मारून नेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखायची. ऐकू येत नाही हे ती कशाला कबूल करतेय! टीव्हीवरच्या खालच्या ओळी वाचायला तिने चष्मा बदलून घेतला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

जुळणी करायची तर यंत्रं संगणकाला जोडणारी ती दवाखान्यातली जुनी पेटी लागते, आणि पेटीचं सॉफ्टवेअर चालतं फक्त जुन्या संगणकावर. तो माझा केव्हाच गेला. नवी यंत्रं घेऊ म्हटलं तर आईसाहेब म्हणतात, "माझे कान आता नवा संसार मांडायचे नाहीत." मग नव्या संगणकाच्या आतच सॉफ्टवेअरने एक जुना संगणक उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. सगळं थाटात सुरू झालं, पेटी जोडली, आणि पडद्यावर आलं, 'उपकरण सापडले नाही'. पेटीशी कसं बोलायचं ते संगणकाला सांगणारा ड्रायव्हर काढला, परत घातला. त्याच्यापुढचं पिवळं उद्गारचिन्ह ढिम्म हलेना. मग लक्षात आलं, आतल्या म्हाताऱ्या संगणकाला मी नव्या जातीचं यूएसबी देऊन ठेवलं होतं. त्याला ते कळणार कसं? जुन्या जातीचं निवडलं आणि चिन्ह गेलं. पण पेटी क्षणभर दिसायची आणि गायब! तुझे भावोजी म्हणाले, "भंगारात दे ती." मी हट्टाला पेटले. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही संगणकांवरच्या उपकरणांच्या याद्या शेजारी शेजारी उघडल्या आणि पेटी पुन्हा पुन्हा जोडत बसले. तेव्हा चोर सापडला. ड्रायव्हर मिळाला की पेटी आपोआप बंद होऊन वेगळ्या ओळख-क्रमांकाने पुन्हा चालू होते, आणि तो क्रमांक मी आतल्या संगणकाला दिलेलाच नव्हता, म्हणून बाहेरचा तिला ओढून घ्यायचा. दोन्ही क्रमांक आतल्याच्या नावावर लावले. पेटीचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या.

आईला समोर बसवून एकेक स्वर लावत गेले. ती डोळे मिटून होती. एकदम म्हणाली, "तुझ्या त्या बेसिनचा नळ किती टपटपतोय, माणूस बोलाव की." मला रडू आवरेना. ती म्हणाली, "हळू रड, सगळं ऐकू येतंय."

आणि आता खरं कारण. तू मला म्हणाला होतास, लग्न ठरवल्याचं आईला फोनवर सांगितलं, तर ती "बरं, ठेवते" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तिला मुलगी पसंत नाही, असं धरून तू तोंड फिरवून बसलास. काल मी आडून विचारलं, तर म्हणाली, "त्या दिवशी नुसती खरखर येत होती गं. काहीतरी आनंदाचं सांगत असावा, आवाज चढला होता. परत विचारायची लाज वाटली. आणि मग त्याचा फोनच नाही." अरे वेड्या, तिच्यापर्यंत यातला एक शब्दही पोचलेला नाही! मी काही बोललेले नाही, ती बातमी तुझी आहे. फोन कर तिला. आणि ओरडू नकोस, साध्या आवाजात सांग.

तुझीच, कान पिळायचा हक्क राखून असलेली,
ताई